बंधू आणि भाऊबंदकी: लंडनच्या छापखानदारांचं गिल्ड



मागच्या व्याख्यानात आपण युरोपातल्या गिल्डची बाहेरची बाजू पाहिली. एका शहरातले एका धंद्याचे लोक एकत्र येतात, राजाकडून किंवा शहराकडून सनद मिळवतात, मालाचा दर्जा ठरवतात, विधवांना मदत करतात, वर्षातून एकदा मेजवानी करतात. कागदोपत्री सगळे सभासद एकमेकांचे बंधू असतात. आज आपल्याला आतली बाजू पाहायची आहे. आणि मराठी माणसाला हे सांगायला नको, की जिथे बंधू आले तिथे भाऊबंदकी आलीच.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे जरा खोलात जाता येईल: लंडनमधल्या पुस्तकधंद्याचं गिल्ड, स्टेशनर्स कंपनी. दोन कारणांसाठी हे उदाहरण चांगलं आहे. एक तर या कंपनीची दप्तरं बऱ्यापैकी शिल्लक आहेत, त्यामुळे भांडणं कशावरून झाली हे आपल्याला कळतं. दुसरं कारण असं, की या गिल्डच्या आतल्या व्यवहारातून निघालेली एक गोष्ट आज आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेली असते. ती कोणती, ते शेवटी पाहू.

आधी दोन शब्दांचा खुलासा. इथे ‘कंपनी’ म्हणजे भागधारकांचा उद्योग नव्हे. लंडनमध्ये गिल्डलाच कंपनी म्हणत. आणि ‘स्टेशनर’ म्हणजे वह्या-पेन्सिली विकणारा नव्हे. फिरत्या विक्रेत्यापेक्षा वेगळा, एका जागी ठाण मांडून बसलेला दुकानदार तो स्टेशनर. पुस्तकं लिहून देणारे, बांधणारे, विकणारे असे लोक. त्यांची संघटना लंडनमध्ये १४०३ पासून होती. छपाई आल्यावर छापखानेवालेही हळूहळू तिच्यात आले.

मोठा बदल झाला ४ मे १५५७ रोजी. फिलिप आणि मेरी या राजा-राणीने कंपनीला सनद दिली. सनदेत ९७ जणांची नावं आहेत. महत्त्वाची कलमं दोन. या कंपनीचा सभासद असल्याशिवाय, किंवा राजाची खास परवानगी असल्याशिवाय, इंग्लंडमध्ये कोणी छपाई करायची नाही. आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना कुठल्याही छापखान्यात, दुकानात शिरून झडती घेता येईल, माल जप्त करता येईल. मेरी कॅथलिक होती, तिला प्रॉटेस्टंट पुस्तकं रोखायची होती. कंपनीला बाहेरचे स्पर्धक रोखायचे होते. दोघांची गरज जुळली. मेरीनंतर एलिझाबेथ आली, राज्याचा धर्म बदलला, पण १५५९ मध्ये तिनेही तीच सनद कायम केली. कारण कुठलाही धर्म असो, छापखान्यावर नजर ठेवणारा माणूस सरकारला हवाच होता.

आपल्याकडची एक तारीख इथे शेजारी ठेवू. या सनदेच्या एकच वर्ष आधी, १५५६ मध्ये, गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला. पण तो जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजात होता, त्याचा खर्च आणि त्याची कामं धर्मसंस्थेच्या हातात होती. लंडनचा छापखाना धंदा होता. पोट त्याच्यावर चालायचं. आजची सगळी गोष्ट या पोटाची आहे.

शिडी

कंपनीची रचना शिडीसारखी होती. तळाला उमेदवार, म्हणजे शिकाऊ मुलगा. किमान सात वर्षं उमेदवारी, आणि लंडनच्या रिवाजाप्रमाणे वयाची चोवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत सुटका नाही. उमेदवारी संपली की त्याला कंपनीचं ‘फ्रीडम’ मिळे. हा शब्द लक्षात ठेवा. त्या काळच्या लंडनमध्ये ‘फ्रीडम’ या शब्दाचा रोजचा अर्थ होता धंदा करण्याचा हक्क. ‘मी फ्री आहे’ याचा अर्थ, मी अमुक कंपनीचा पक्का सभासद आहे, मला दुकान उघडता येतं.

त्याच्या वरची पायरी लिव्हरी, म्हणजे समारंभात कंपनीचा खास झगा घालण्याचा मान असलेले सभासद. लिव्हरीत न गेलेले सामान्य सभासद म्हणजे योमनरी. आणि सगळ्यांत वर एक मास्टर, दोन वॉर्डन आणि त्यांच्याबरोबर बसणारी ज्येष्ठांची सभा, तिचं नाव ‘कोर्ट ऑफ असिस्टंट्स’. कोर्टात जागा रिकामी झाली की नवा माणूस कोण, हे कोर्टच ठरवी. नियम कोर्ट करी, दंड कोर्ट करी, भांडणाचा निवाडाही कोर्टच करी.

कागदावर ही शिडी सगळ्यांना खुली होती. प्रत्यक्षात उमेदवारी संपवलेल्या बहुतेकांकडे यंत्र घ्यायला, कागद भरायला पैसा नसे. ते आयुष्यभर दुसऱ्याच्या छापखान्यात मजुरीवर खिळे जुळवत, नाहीतर यंत्र ओढत. त्यांना जर्नीमन म्हणत. म्हणजे ‘फ्रीडम’ खिशात, आणि काम मात्र मालकाच्या मर्जीवर.

मक्ते

आता भांडणाचं मूळ. कंपनीचा आपला एक नियम होता. सभासदाने एखादं पुस्तक कंपनीच्या वहीत चार-सहा पेन्स भरून आपल्या नावावर नोंदवलं, की ते पुस्तक त्याचं. दुसऱ्या बंधूने ते छापायचं नाही. ही व्यवस्था बहुतेकांना मान्य होती.

पण या वहीच्या वर आणखी एक गोष्ट होती: राजाने दिलेले मक्ते. एका माणसाला एका प्रकारच्या सगळ्या पुस्तकांचा मक्ता. कायद्याची पुस्तकं रिचर्ड टॉटेलकडे. बायबल ख्रिस्तोफर बार्करकडे. शाळेतली लॅटिन पुस्तकं टॉमस मार्शकडे. पंचांगं वॉटकिन्स आणि रॉबर्ट्स या दोघांकडे. आणि जॉन डे याच्याकडे चर्चमध्ये गायच्या पद्य स्तोत्रांचं पुस्तक आणि मुलांची अंकलिपी. अंकलिपी म्हणजे एबीसी, तिच्यासोबत छोटी धर्मप्रश्नोत्तरी.

ही यादी नीट पाहा. यात कविता नाही, नाटक नाही. ज्या पुस्तकांना कधीच मरण नाही अशी ही पुस्तकं आहेत. आज कालनिर्णय, बालभारती आणि हरिपाठ यांची छपाई तीन माणसांच्या हातात कायमची दिली, तर बाकीच्या छापखान्यांना काय उरेल, याचा विचार करा. लग्नपत्रिका आणि कवितासंग्रह! लंडनच्या छोट्या छापखानेवाल्यांची अवस्था साधारण तशीच होती. भरवशाचा माल वरच्या मोजक्या लोकांकडे, आणि जोखमीचा माल बाकीच्यांकडे.

आणि हे मक्तेदार कंपनीत कुठे बसले होते? बरेचसे कोर्टात. डे मास्टर झाला, टॉटेल मास्टर झाला, बार्कर वॉर्डन झाला. म्हणजे मक्त्याविरुद्ध दाद मागायची तर मक्तेदाराकडेच. १५७७ च्या सुमारास सामान्य मुद्रक आणि पुस्तकविक्रेत्यांनी सरकारकडे तक्रारअर्ज केला, की या मक्त्यांमुळे आमची उपासमार होते आहे. गिल्ड आपल्या माणसांना न्याय देत नाही म्हणून गिल्डचीच माणसं सरकारच्या दारात गेली.

वॉर्ड आणि वुल्फ

अर्जाने काही हललं नाही. मग काहींनी सरळ छापायला सुरुवात केली.

रॉजर वॉर्ड हा कंपनीचाच सभासद. त्याने डेच्या अंकलिपीच्या १०,००० प्रती छापल्या. वर डेचं नाव आणि डेचं व्यापारी चिन्ह, तेही खोटं कोरून घेतलेलं. १५८२ मध्ये डेने त्याला स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयात खेचलं. छापल्याचं वॉर्डने नाकारलं नाही. त्याचा बचाव असा होता, की सगळी चांगली पुस्तकं मूठभर लोकांनी घेतली आहेत, बाकीच्यांनी जगायचं कसं? त्याच वर्षी कंपनीचे अधिकारी त्याच्या दुकानाची झडती घ्यायला गेले, तेव्हा तो गायब होता आणि त्याच्या बायकोने आणि नोकरांनी दार लावून घेतलं. सनदेत झडतीचा अधिकार लिहिलेला होता, पण दार उघडणारं कोणी नव्हतं.

दुसरा माणूस जॉन वुल्फ, या बंडाचा पुढारी. हा जास्त पक्का. याने उमेदवारी केली होती खुद्द जॉन डेच्या छापखान्यात. नंतर काही काळ इटलीत, फ्लॉरेन्समध्ये काढला. परत आल्यावर त्याने पालेर्मो हे खोटं ठिकाण घालून लंडनमध्ये मॅकियाव्हेलीची पुस्तकं इटालियनमध्ये छापली. आणि गंमत म्हणजे तो स्टेशनर्स कंपनीचा नव्हताच. तो फिशमाँगर्स, म्हणजे मासेविक्यांच्या कंपनीचा सभासद होता! लंडनचा जुना रिवाज असा, की एका कंपनीचा ‘फ्री’ माणूस कुठलाही धंदा करू शकतो. तेव्हा स्टेशनर्सच्या कोर्टाचा हुकूम आपल्याला लागू नाही, अशी वुल्फची भूमिका.

बार्करने त्याला बोलावून विचारलं, दुसऱ्याची पुस्तकं का छापतोस? वुल्फचं उत्तर सरळ होतं, मला जगायचं आहे म्हणून. आणखीही एक बोलणं त्याच्या नावावर आहे: ल्यूथर एकटाच होता, त्याने धर्मात सुधारणा घडवली, तशी मी या धंद्याच्या कारभारात घडवीन. इतिहासाचे वाचक म्हणून एक सावधगिरी बाळगायला हवी. हे शब्द आपल्यापर्यंत पोचले आहेत ते त्याच्या विरोधकांच्या तक्रारीतून. तो उद्धट आणि राजद्रोही दिसावा यात त्यांचा फायदा होता. पण वुल्फ लंडनमध्ये सभा घेत होता, धंद्यातल्या गरिबांना जमवत होता आणि त्यासाठी तुरुंगातही जाऊन आला, एवढं नक्की.

बार्करची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर ही गोष्ट सिनेमासारखी होईल. डिसेंबर १५८२ मध्ये त्याने लॉर्ड बर्ली या मंत्र्याला एक अहवाल पाठवला. त्यात तो म्हणतो, लंडनमध्ये २२ छापखाने आहेत, आठ-दहा असते तरी सगळ्या इंग्लंडला आणि वर स्कॉटलंडलाही पुरले असते. आणि बायबलच्या छपाईत दीड वर्षात आपण सुमारे ३,००० पौंड घातले, त्या काळात आपण मेलो असतो तर बायकामुलं रस्त्यावर आली असती. हे खोटं नव्हतं. बायबलसारख्या जाड पुस्तकात कागदाचाच खर्च प्रचंड, आणि पैसा सुटायला वेळ. मक्ता नसेल तर एवढी जोखीम कोण घेईल, हा त्याचा प्रश्न होता. पण अंकलिपी म्हणजे थोडे कागद. तिच्यात जोखीम कसली? बार्करचा युक्तिवाद त्याच्या बायबलला लागू पडत होता, डेच्या अंकलिपीला नाही. आणि बंडखोरांचा हात नेमका अंकलिपीवर पडला होता.

तडजोड, आणि नंतर

सरकारने चौकशी नेमली. मे १५८३ मध्ये छापखान्यांची मोजदाद झाली: २३ मुद्रक, ५३ यंत्रं. राणीचा मुद्रक बार्कर, त्याच्याकडे पाच. बंडखोर वुल्फ, त्याच्याकडे नंतर सापडलेली दोन धरून तीही पाच. म्हणजे उपाशी गरिबांचा हा पुढारी स्वतः मुळीच उपाशी नव्हता. गिल्डच्या राजकारणात हे वारंवार दिसतं. तळातल्या लोकांच्या नावाने बोलतो तो बहुधा मधल्या पायरीवरचा माणूस असतो, ज्याला वर जायचं असतं आणि वाट बंद असते.

ती वाट उघडून देण्यात आली. १ जुलै १५८३ रोजी वुल्फ मासेविक्यांची कंपनी सोडून स्टेशनर्स कंपनीत आला. लवकरच डेच्या मक्त्यात त्याला भागीदारी मिळाली. ज्या पुस्तकांवरून भांडण झालं, त्याच पुस्तकांच्या चोरट्या छपाईबद्दल तो आता इतरांना स्टार चेंबरमध्ये खेचू लागला. १५८७ मध्ये तो कंपनीचा बीडल झाला. बीडल म्हणजे हुकूम बजावणारा, झडत्या घेणारा नोकर. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसं. पण कंपनीचा हिशोब चुकला नव्हता. लपवलेलं यंत्र कुठे असतं हे वुल्फपेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार? १५८८ मध्ये त्याने रॉबर्ट वॉल्डग्रेव्ह या प्युरिटन मुद्रकाचा छापखाना हुडकून काढला आणि यंत्र मोडण्यात आलं. वॉल्डग्रेव्हने मग बिशपांची टवाळी करणारी ‘मार्टिन मारप्रिलेट’ची पत्रकं चोरून छापली. त्यांत वुल्फला ‘मॅकियाव्हेल’ असं टोपणनाव आहे.

बाकीच्यांना काय मिळालं? जानेवारी १५८४ मध्ये मक्तेदारांनी आपल्याकडची काही पुस्तकं कंपनीतल्या गरिबांसाठी सोडली. यादी लांबलचक होती, पण सोन्याची अंडी देणाऱ्या कोंबड्या तिच्यात नव्हत्या. हक्क मागितला होता, दान मिळालं.

आणि २३ जून १५८६ रोजी स्टार चेंबरचा हुकूम आला. छपाई लंडनमध्येच, बाहेर फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला एकेक यंत्र. यंत्रांची संख्या घटेपर्यंत नवा छापखाना नाही. अधिकाऱ्यांनी तीन उमेदवार ठेवायचे, लिव्हरीवाल्याने दोन, साध्या सभासदाने एक. आता मुद्रक व्हायचं तर कोणी मरण्याची वाट पाहायची, किंवा मेलेल्याच्या विधवेशी लग्न करायचं. शेक्सपिअरचं ‘व्हीनस अँड अडोनिस’ १५९३ मध्ये छापणारा रिचर्ड फील्ड असाच वर आला. आपले मालक टॉमस वॉत्रोलिये वारल्यावर त्याने त्यांची विधवा जॅकलीन हिच्याशी लग्न केलं.

जर्नीमन लोकांसाठीही एक नियम झाला. खिळे जुळवून फर्मा तयार केला की त्यावर कितीही प्रती काढता येतात, आणि फर्मा तसाच बांधून ठेवला तर पुढच्या आवृत्तीला जुळाऱ्याची गरजच नाही. म्हणून ठरलं, एका जुळणीवर १,२५० किंवा फार तर १,५०० प्रती काढायच्या, मग खिळे मोडून पुन्हा जुळवायचे. यंत्रापुढे माणसाचा रोजगार वाचवण्याचा हा जुना आणि चांगला प्रयत्न. पण त्याला अपवाद होते. व्याकरणं, प्रार्थनापुस्तकं, अंकलिप्या, पंचांगं. म्हणजे जिथे सर्वांत जास्त प्रती निघत, तिथेच नियम सैल.

भागभांडवल

१६०३ मध्ये नवा राजा पहिला जेम्स याने प्रार्थनापुस्तकं, स्तोत्रं आणि पंचांगं यांचे मक्ते एकेकट्या माणसाऐवजी सबंध कंपनीला दिले. याला ‘इंग्लिश स्टॉक’ म्हणतात. भांडवल ९,००० पौंड. ऐकायला हा तर बंडखोरांचा विजयच वाटतो. पण वाटणी पाहा. कोर्टातल्या १५ जणांनी प्रत्येकी २०० पौंड, लिव्हरीतल्या ३० जणांनी प्रत्येकी १००, योमनरीतल्या ६० जणांनी प्रत्येकी ५०. तिन्ही थरांची बेरीज सारखीच, ३,०००. नफ्यातले २०० पौंड दरसाल कंपनीतल्या गरिबांना.

यातली हुशारी आकड्यांत नाही, पुढच्या गोष्टीत आहे. भाग मोजके होते, आणि भागधारक मेल्यावर, किंवा त्याच्या पश्चात विधवेकडे भाग राहिला तर तीही गेल्यावर, तो कोणाला द्यायचा हे कोर्ट ठरवी. त्यामुळे ज्याच्याकडे भाग नाही तो भागाची वाट पाहत बसे, आणि वाट पाहणारा माणूस कोर्टाशी भांडत नाही. तुरुंगाने जे साधलं नाही ते आशेने साधलं.

जर्नीमन मात्र या आशेच्याही बाहेर होते. त्यांना ५० पौंडांचा भाग झेपणारा नव्हता. त्यांच्या तक्रारी पुढची तीस वर्षं चालूच राहिल्या. दरम्यान कोर्टात मुद्रक कमी आणि पुस्तकविक्रेते जास्त होत गेले. म्हणजे हाताला शाई लागलेली माणसं तिथून हळूहळू हद्दपार झाली. १६३७ च्या हुकमाने लंडनच्या मालक मुद्रकांची संख्या २० वर आणली.

मग १६४१ मध्ये संसदेने स्टार चेंबरच बरखास्त केलं. त्याच वर्षी मायकेल स्पार्क या सभासदाने एक पुस्तिका काढून, मक्त्यामुळे बायबलच्या किमती कशा वाढल्या याचा हिशोब मांडला. १६४५ मध्ये योमनरीतले लोक सनद हातात घेऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं, सनदेत मास्टर आणि वॉर्डन यांच्याबरोबर ‘समुदाय’ असा शब्द आहे. समुदाय म्हणजे आम्ही सगळे. तर मग मास्टर निवडण्याचा हक्क कोर्टालाच का? बाहेर राजा आणि संसद यांचं युद्ध चालू होतं, आणि विणकरांच्या आणि इतर कंपन्यांतही सामान्य सभासद हाच प्रश्न विचारत होते. देशात जो वाद, तोच घराघरांत. स्टेशनर्सच्या कोर्टाने मात्र आपली पकड फारशी सोडली नाही.

मग उरलं काय?

एक म्हणजे तो शब्द. ‘फ्रीडम’ म्हणजे धंद्याचा परवाना, असं म्हणत वाढलेल्या माणसांनी पुढे विचारलं, की परवाना असून पोट भरत नसेल तर हे फ्रीडम कसलं? १६४४ मध्ये मिल्टनने सेन्सॉरशिपविरुद्ध ‘अॅरिओपॅजिटिका’ लिहिलं, त्यात विचारस्वातंत्र्याबरोबर पुस्तकधंद्यातल्या मक्तेदारांवरही बोट ठेवलं आहे. त्याला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या, आणि आजची गोष्ट ऐकल्यावर आपल्यालाही वाटू नयेत.

दुसरी म्हणजे सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर छापलेलं ‘कॉपीराइट’. त्या वहीत नोंदवलेल्या पुस्तकाला कंपनीत ‘कॉपी’ म्हणत, आणि तिच्यावरचा हक्क हा बंधूंनी बंधूंपासून राखलेला हक्क होता. लेखक त्यात नव्हताच. छपाईवरचा परवान्याचा कायदा १६९५ मध्ये संपला, १७१० मध्ये नवा कायदा आला, आणि त्यात पहिल्यांदा लेखकाचा हक्क कायद्याने नोंदला गेला. पंचांगांचा मक्ता त्यानंतरही टिकला. तो मोडला १७७५ मध्ये, टॉमस कार्नन या पुस्तकविक्रेत्याने न्यायालयात जिंकून.

आणि ते दोघं? वुल्फ १५९३ मध्ये लंडन शहराचा अधिकृत मुद्रक झाला, १६०१ मध्ये मानाने वारला. रॉजर वॉर्डची यंत्रं १५८६ नंतरही जप्त होत राहिली. गुन्हा दोघांचा एकच होता. वुल्फने मक्ता मोडा असं म्हणत मक्त्यात वाटा मागितला, आणि वाटा देता येतो. वॉर्डसारखे, आणि त्याच्या यंत्रावर राबणारे जर्नीमन, यांना द्यायचं तर नियमच बदलावे लागले असते.

पुढच्या वेळी एखाद्या संघटनेतलं भांडण ‘सामोपचाराने मिटलं’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: वाटा कोणाला मिळाला, आणि यादी कोणाला?